रोजचं ताट : गिरगाव ते लालबाग

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला ‘इथे काय खाल्लंच पाहिजे’ हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. अमक्याची मिसळ, तमक्याचं पियुष, कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव. त्यांचं सांगणं खोटं नाही आणि यातले बरेच पदार्थ या पुस्तकातही आले आहेत. पण मुक्काम लांबला की चार दिवसांत त्याच माणसाची चौकशी बदलते. आता साधं जेवण कुठे मिळेल? वरणभात, एखादी पालेभाजी, मऊ पोळी नाहीतर गरम भाकरी, वर वाटीभर ताक. हे पुस्तक त्या पाचव्या दिवसाच्या भुकेसाठी लिहिलं आहे.

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या चार वस्त्यांचा या भुकेशी फार जुना संबंध आहे. इथे राहायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मुळात परगावचा. कोणी बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला, कोणी घाट उतरून आगगाडीने आला. त्याचं घर, शेत आणि बायकोपोरं मागे गावी राहिली. त्याला हॉटेलात चैन करायची नव्हती. दोन वेळचं जेवण हवं होतं, तेही रोज, पगारात बसेल असं. त्याच्यासाठी कोणीतरी आपल्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं, आणि या भागातली बाहेर जेवायची पद्धत तिथून सुरू झाली. म्हणून इथल्या बाहेरच्या जेवणाला आजही घरच्या स्वयंपाकाचीच मापं लागतात. रोज खाल्लं तर पचेल का? महिनाभर परवडेल का? आपल्या गावाकडची चव त्यात आहे का? या पुस्तकातल्या प्रत्येक ठिकाणाकडे मी हेच तीन प्रश्न घेऊन गेलो आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळ्यापासून परळ-लोअर परळपर्यंत गिरण्यांची धुरांडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या जिल्ह्यांतून माणसं आली. गावकीच्या खोल्यांत एकेका गावची दहा-वीस माणसं पाळ्या लावून झोपत. दिवसपाळीचा गडी कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी पथारी पसरे. अशा खोलीत चूल पेटण्याची सोय नव्हती. ती सोय केली शेजारच्या चाळीतल्या बाईने. अनेकदा तिचाही नवरा गिरणीत असे, किंवा गेलेला असे, किंवा त्याच्या एकट्याच्या पगारात घर चालत नसे. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती पाच-दहा, कधी वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायची. लोक तिला मावशी म्हणत आणि तिच्या घराला खाणावळ.

ही खाणावळ चालायची कशी, हे जवळून पाहण्यासारखं आहे. बाई पहाटे उठे, कारण नळाला पाणी त्याच वेळी. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत डबे भरायचे. ती पाळी गेली की रात्रपाळीवरून परतलेले जेवायला येत. ते उठले की रॉकेलच्या स्टोव्हवर दुपारचं कालवण, मग दुसऱ्या पाळीची ताटं, मग रात्रीची. मोरीत भांड्यांचा ढीग कधी संपत नसे. पोटमाळ्यावर तांदळाचं पोतं, खाली पाट मांडायला जागा चार माणसांपुरती, म्हणून पंगती उठत आणि बसत. कोकणातल्या माणसाला भात आणि माशाचं कालवण लागे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. मावशीही बहुधा त्याच मुलखातली असल्यामुळे हे तिला सांगावं लागत नसे. रविवारी मटण किंवा मासळी होई आणि त्या दिवशी कोणी खाडा करत नसे.

खाड्याचा हिशेब हा या व्यवहाराचा कणा होता. महिन्याचे पैसे ठरलेले. गडी गावी गेला, आजारी पडला, कोणाकडे पाहुणा गेला, तर आधी सांगायचं. तेवढे खाडे वहीत मांडले जात आणि महिनाअखेरीला वजा होत. बाईला लिहिता येत नसेल तर वही तिचा मुलगा लिही, नाहीतर ती भिंतीवर रेघा ओढी. पैसे मात्र पगार झाल्यावर मिळत. म्हणजे महिनाभर वीस माणसं ती उधारीवर जेवू घालायची, आणि त्यासाठी वाण्याकडून स्वतः उधारीवर धान्य आणायची. वाणी थांबला नाही तर सावकार होता आणि त्याचं व्याज होतं.

गिरण्यांचे संप झाले तेव्हा ही साखळी कुठे ताणली गेली असेल, ते उघड आहे. कामगाराचा पगार बंद झाला, तरी भूक बंद झाली नाही. मावशीने ताट थांबवलं नाही. तिने मंगळसूत्र गहाण ठेवलं, भांडी विकली, पुन्हा कर्ज काढलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आणि मोर्च्यांच्या तारखा सापडतात; संप चालू असताना कामगार कोणाकडे जेवला, हे क्वचितच लिहिलं जातं. माझ्या मते या बायका त्या लढ्याच्या सावकार होत्या, आणि तेही बिनव्याजी.

हे नीट ओळखलं प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सुरुवातीला चौदा खाणावळवाल्या होत्या. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरणही आलं होतं. पण चाळीतल्या बाईकडे ना तारण, ना कागद. प्रेमाताईंनी बायकांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या हाती आलं. सावकाराचा फास सैल झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की, घरात बसून भाकऱ्या थापणारी बाई ही व्यवसाय करणारी बाई आहे, हे एका बँकेने कागदावर मान्य केलं. पुढे मंडळाची स्वतःची स्वयंपाकघरं झाली, कॅन्टीनची कामं मिळाली. प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली, आणि तो मान त्या सगळ्या चुलींचा होता असं मी मानतो.

याच्या सोळा वर्षं आधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. तो उद्योग आज ‘लिज्जत’ या नावाने घराघरांत आहे. गिरगावातली गच्ची आणि लालबागमधली खोली यांत भाषेचं आणि चवीचं अंतर होतं, पण दोन्हीकडच्या बायकांकडे भांडवल म्हणून हातातलं कसब तेवढं होतं. या शहराचं पोट अशा कसबावर भरत आलं आहे.

गिरगावची गोष्ट थोडी निराळी. इथे गिरणीपेक्षा कचेरी, छापखाना, शाळा, कोर्ट. कारकून, शिक्षक, विद्यार्थी, नाटकमंडळीतले नट. त्यांच्यासाठी भोजनगृहं, बोर्डिंगं आणि आरोग्यभुवनं निघाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं माधवाश्रम हे त्यांपैकी एक. दादर स्टेशनाजवळ मामा काणे यांचं स्वच्छ उपाहारगृह १९१० सालचं. ‘स्वच्छ’, ‘आरोग्य’ ही नावं त्या काळाची गरज सांगतात. १८९६ च्या प्लेगची आठवण ताजी होती आणि बाहेर खाणं म्हणजे रोगाला आमंत्रण, अशी भीती घरोघरी होती. उपाहारगृहाला पाटीवरच शब्द द्यावा लागे.

त्या पाट्यांवर जातही असे, हे सांगायला हवं. अमुक जातीच्या लोकांसाठी भोजनाची सोय, असं उघड लिहिलेलं असे. पाणी कोणाच्या हातचं, पंगतीला कोण, हे ठरलेलं असे. गिरणगावातल्या खाणावळीही गावागावांच्या आणि जातीजातींच्या होत्या, आणि दलित कामगाराला बऱ्याच ठिकाणी पाटावर जागा नव्हती. घरगुती चवीबद्दल आपण आज प्रेमाने बोलतो, तेव्हा त्या घराचं दार कोणाला उघडं होतं आणि कोणाला बंद, हे विसरून चालणार नाही. या बाबतीत इराण्याच्या हॉटेलाचं ऋण मोठं आहे. नाक्यावरच्या इराण्याकडे पैसे टाकले की ब्रून-मस्का आणि चहा कोणालाही मिळे, आणि संगमरवरी टेबलाशी कोणीही बसे. पुढे वडापावाने तेच काम उभ्या-उभ्या केलं. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. पाळीवर निघालेल्या माणसाला हातात धरून खाता येणारं, स्वस्त आणि पोटाला आधार देणारं दुसरं काय होतं?

दादर नंतरचं. प्लेगनंतर आखलेल्या वसाहतींतून, हिंदू कॉलनीतून, शिवाजी पार्कातून मध्यमवर्ग तिथे स्थिरावला आणि त्याची उपाहारगृहं त्याच्यामागोमाग आली. साबुदाणावडा, थालीपीठ, कोथिंबीरवडी, पियुष, दडपे पोहे हे सगळे घरात चार वाजता होणारे पदार्थ. दादरच्या ‘प्रकाश’मध्ये किंवा १९८६ साली सुरू झालेल्या ‘आस्वाद’मध्ये लोक आपल्या आईच्या हातच्या चवीशी ताडून पाहत ते खातात. ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं गेलं, तेव्हा दादरकरांना आनंद झाला, पण रांगेतले नेहमीचे लोक नेहमीचंच मागवत राहिले. मासळीच्या जेवणासाठी दादरलाच ‘गोमांतक’ आणि ‘सिंधुदुर्ग’. गिरगावात खोताच्या वाडीतलं अनंताश्रम मात्र बंद झालं. ते गेल्यापासून त्या वाडीत दुपारी मासळीच्या ताटासाठी थांबलेली माणसं दिसत नाहीत.

हे सगळं ताट उभं राहतं मसाल्यावर, आणि मसाला समजून घ्यायचा तर एप्रिल-मे महिन्यात लालबागला जायला हवं. मिरचीच्या दुकानांत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी यांची पोती उघडी असतात. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीला, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. बाई मिरची मोडून बघते, बिया किती ते पाहते, देठ ताजा आहे का ते पाहते, मग भाव करते. देठ काढून मिरची उन्हात कडकडीत वाळवायची. धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, मसाला वेलची, जायपत्री हे सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला भाजायला लागणारा वेळ निराळा. मग डंखावर जायचं. तिथे लोखंडी मुसळं एका लयीत वरखाली होत असतात, हवेत तिखट उडत असतं आणि बायका पदर नाकाला लावून बसलेल्या असतात. बाई तिथून हलत नाही. आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिरची मिसळू नये, हा एक हेतू. दुसरा असा की, चाळल्यावर वर राहिलेला भरडा पुन्हा कुटला गेला पाहिजे, कारण खरा वास त्यात असतो. घरी आल्यावर मसाला गार करून बरणीत दाबून भरायचा आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे. वर्षभराची बेगमी झाली.

मालवणी मसाला, घाटावरची कांदा-लसूण चटणी, पाठारे प्रभूंचा सांबार मसाला, कोळणीच्या घरातला मसाला हे सगळे लालबागच्या याच बाजारातून निघतात आणि चार वेगळ्या चवींच्या घरांत जातात. गिरगाव-ठाकूरद्वारच्या जुन्या रहिवाशांपैकी असलेल्या पाठारे प्रभूंच्या घरातल्या पाककृती लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पुस्तकात छापल्या गेल्या. खाणावळवालीच्या पाककृती मात्र कोणी छापल्या नाहीत. त्या तिच्या हातात होत्या आणि बऱ्याचशा तिच्याबरोबर गेल्या. या पुस्तकातला तिसरा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे, आणि तोच मला सर्वात मोलाचा वाटतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, आणि गिरणगाव मात्र संपलं. माणसं गावी परतली, गावकीच्या खोल्या ओस पडल्या, खाणावळींचे मेंबर गेले. ज्या फिनिक्स मिलमध्ये सूत निघत होतं तिथे मॉल उभा राहिला, आणि कमला मिलच्या आवारात आज एका जेवणाचं बिल कामगाराच्या तेव्हाच्या कितीतरी महिन्यांच्या खाणावळीएवढं होतं. त्या जेवणावर माझा राग नाही. पण त्याच फाटकातून एकेकाळी डब्याची पिशवी घेऊन आत गेलेल्या माणसांचं जेवण विसरलं जाऊ नये, एवढा माझा आग्रह आहे.

खाणावळ पूर्ण गेली, असंही नाही. तिने रूप बदललं. दादरला, गिरगावात, परळला गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत. संध्याकाळी सात वाजता तिथे कचेरीतून उतरलेल्या बायका आणि पुरुष दहा पोळ्या, पाव किलो भाजी, उकडीचे मोदक असतील तर तेही घेऊन घरी जातात. आत पोळ्या लाटणाऱ्या बायका बहुतेक लांबच्या उपनगरांतून पहाटेच्या लोकलने आलेल्या असतात. त्यांच्या घरचा स्वयंपाक त्यांनी त्याआधी उरकलेला असतो. ज्यांना पूर्वी मावशी म्हणत, त्यांचंच हे पुढच्या पिढीतलं काम आहे. डबेवाल्यांचं तसंच. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेला डब्यांचा धंदा घरचं जेवण घरच्याच माणसापर्यंत पोचवत आला. २०२० च्या टाळेबंदीत लोकल थांबल्या आणि मावळ-खेडकडचे अनेक डबेवाले गावी परतले. त्यानंतर बऱ्याच कचेऱ्यांतून घरच्या डब्याची सवय तुटली, ती पुरती जुळली नाही.

आणि नवे परगावचे लोकही इथे येतच आहेत. परळला १९२६ चं के. ई. एम. आणि १९४१ चं टाटा मेमोरियल. राज्यातून आणि देशभरातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक महिनोन्‌महिने या भागात राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना दिलेला आसरा हा या शहराच्या भल्या कामांपैकी एक आहे. हॉस्पिटलच्या फुटपाथवर बसलेल्या माणसाला कोणत्या हॉटेलची मिसळ जगात पहिली आली, याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला तिखट नसलेली आमटी हवी असते, रुग्णासाठी मऊ भात हवा असतो, आणि उद्याही तेवढ्याच पैशांत तो मिळेल याची खात्री हवी असते. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी योजना आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. सरकारं येतात-जातात, योजना चालतात-बंद पडतात, पण त्यांची गरज या फुटपाथवर रोज दिसते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक गावाहून भाकरी बांधून आणतात आणि शिवाजी पार्कात त्यांच्यासाठी संस्था-संघटनांची अन्नदानं चालतात. ज्यांना एकेकाळी या शहरातल्या पंगतीत जागा नव्हती, त्यांच्या लेकरांनी मांडलेली ही पंगत आहे, आणि तिथे जात विचारली जात नाही.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात घरची चूल, तिचा आठवडा आणि तिचं वर्ष. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी मासळी. सोमवारी, गुरुवारी नाही. श्रावणात अजिबात नाही. जूनच्या सुरुवातीला मासेमारी बंद झाली की श्रावण लागेपर्यंत सुकट, सोडे आणि सुका बांगडा. दुसऱ्यात उपाहारगृहं आणि भोजनालयं. तिसऱ्यात खाणावळी, त्यांच्या वह्या आणि त्यांची कालवणं. चौथ्यात वाटेवरचं खाणं: परळच्या एसटी डेपोतून गणपतीला निघणाऱ्या चाकरमान्याची चपाती-बटाट्याची भाजी आणि परतताना त्याच्या पिशवीतून येणारं कुळथाचं पीठ, आमसुलं आणि उकडे तांदूळ.

बाहेरगावाहून येणाऱ्या वाचकाला दोन-तीन गोष्टी सांगतो. जेवायचं असेल तर दुपारी साडेबाराच्या सुमारास जा. तेव्हा भात नुकता उतरलेला असतो आणि भाजी पहिल्या हातची असते. ताटात काय आहे ते आधी विचारा आणि जे त्या दिवशी केलं असेल तेच घ्या. मासळी कोणती ताजी आहे हे वाढणाऱ्याला माहीत असतं, त्याचं ऐका. एखादं ठिकाण आवडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जा. रोजच्या जेवणाचा गुण एका जेवणात कळत नाही; तिसऱ्या दिवशीही ते जेवण जड झालं नाही आणि नकोसं वाटलं नाही, तर ती जागा खरी.

आणि या वस्त्यांत राहणाऱ्या वाचकाला एक विनंती आहे. तुमच्या चाळीत, तुमच्या नात्यात, कोणी खाणावळ चालवलेली बाई अजून हयात असेल तर तिच्याजवळ बसा. तिच्याकडे किती माणसं जेवत, धान्य कुठून येई, खाडा कसा धरत, संपात तिने काय गहाण टाकलं, हे विचारा आणि तिच्या नावासह लिहून ठेवा. तिच्या कालवणाचं प्रमाण मापाने घ्या, तिच्या समोर एकदा करून पाहा, आणि चुकलं तर तिलाच दुरुस्त करू द्या. या शहराने शंभर वर्षं तिच्या हातचं खाल्लं आहे आणि त्याची नोंद करायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.